मासा साफ कुठे करायचा? हौशी मासेमारांसाठी जागेचे नियम आणि कामाचा क्रम

परवाना काढलेला असतो, माशाची लांबी मोजलेली असते, संख्येची मर्यादाही पाळलेली असते, आणि तरीही माणूस शेवटच्या अर्ध्या तासात चुकतो. पेटीत मासे असतात, अंधार पडत आलेला असतो, धक्क्यावर नळ दिसतो. सुरी बाहेर येते, डोकी उडतात, आतडी पाण्यात जातात. एवढ्या वेळात दोन-तीन वेगवेगळे नियम मोडून झालेले असतात आणि मोडणाऱ्याला त्यातला एकही ठाऊक नसतो.

असे होण्याचे कारण साधे आहे. ‘मासा कुठे साफ करू?’ हा एकच प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते तीन प्रश्न आहेत: हा मासा आत्ता कापता येतो का, या जागेवर कापता येतो का, आणि कापून उरलेले कुठे टाकता येते. तिन्हींची उत्तरे बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. एकाने हो म्हटले म्हणून बाकीच्या दोघांची परवानगी मिळत नाही. पुढचे सगळे टप्पे हे तीन प्रश्न वेगळे ठेवूनच मांडले आहेत.

## टप्पा १: निघण्याआधी नियम शोधा

हे काम घरी बसून करायचे. पाण्याच्या काठी फोनला रेंज असेलच असे नाही, आणि हातात मासा आला की वाचायची इच्छाही राहत नाही.

१. मासा कापण्याचा नियम. हा मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमपुस्तिकेत असतो. शोधताना ‘साफ करणे’ हा शब्द सापडला नाही म्हणून नियम नाही असे समजू नका. तो बहुधा ‘अखंड स्थितीत’, ‘डोके व शेपटीसह’, ‘ताब्यात बाळगणे’, ‘किनाऱ्यावर उतरवणे’ अशा शब्दांच्या आड असतो. लांबीची मर्यादा असलेल्या जातींसाठी हा नियम हमखास पाहा. डोके गेले की लांबी मोजता येत नाही, आणि कातडी गेली की जातही सांगता येत नाही. म्हणूनच हा नियम असतो.

२. जागेचा नियम. तो पाण्याचा नसून जमिनीचा असतो. धक्का बंदराचा, उद्यान वनखात्याचे, काठ नगरपालिकेचा, तळे खाजगी मालकाचे. ज्याची जमीन, त्याचा नियम. प्रवेशद्वारावरचा फलक आणि त्या जागेच्या संकेतस्थळावरचे पान, दोन्ही वाचा.

३. कचऱ्याचा नियम. तो कधी जमिनीच्या मालकाकडे असतो, कधी वन्यजीव खात्याकडे, कधी जलप्रदूषणाच्या कायद्यात.

हे किती नेमके असू शकते याचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत माशाचे अवशेष जमिनीवर टाकायला बंदी आहे. बोटींच्या धक्क्यापासून किंवा पोहण्यासाठी नेमलेल्या किनाऱ्यापासून २०० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ६० मीटरच्या आत, पाण्यातही टाकायचे नाहीत. उद्यानाने वेगळी जागा नेमून दिली असेल तेवढाच अपवाद. त्याच देशातल्या राष्ट्रीय वनांच्या शिबिरस्थळांवर, ज्या नळाची सोय त्या कामासाठी केलेली नाही तिथे मासा धुणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. समुद्राचा नियम पुन्हा निराळा. १९७२ च्या समुद्रातील विसर्जनाच्या कायद्यात माशाच्या कचऱ्याला सर्वसाधारण सूट आहे, पण बंदरात आणि बंदिस्त किनारी पाण्यात ती लागू नाही. एकाच देशात, एकाच आतड्यासाठी, तीन ठिकाणी तीन उत्तरे. तुमच्याकडचे उत्तर आणखी वेगळे असेल, म्हणून कुणाच्या अनुभवावर विसंबू नका.

> तपासा: कागदाच्या एका तुकड्यावर तीन ओळी लिहून खिशात ठेवा: (क) मासा कोणत्या अवस्थेत न्यायचा, (ख) साफ करायची जागा कोणती, (ग) कचरा कुठे जाणार. यातली एक ओळ जरी कोरी राहिली, तरी त्या दिवशी मासा अखंड घरी न्यायचा.

फोन करून विचारणार असाल तर प्रश्न नेमका विचारा. ‘तिथे मासा साफ करता येतो का?’ यावर ‘हो’ असे उत्तर येते आणि त्या ‘हो’चा अर्थ लागत नाही. त्याऐवजी असे विचारा: ‘पोट साफ करता येते की डोके आणि काटा काढून मांसाच्या तुकड्याही करता येतात? मेज कुठे आहे? कचऱ्याला झाकणाचा डबा आहे की तो सोबत न्यायचा?’

## टप्पा २: सामान कचऱ्याच्या हिशेबाने भरा

बहुतेक जण सुरी आणि फळी आठवणीने घेतात, कचऱ्यासाठी मात्र काहीच घेत नाहीत. मग तो पाण्यात जातो, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. नियम मोडायचा हेतू नसतो, पिशवी नसते एवढेच.

किती कचरा होईल हे आधी लक्षात घ्या. नुसते पोट साफ केले तर माशाच्या वजनाचा लहान भागच निघतो. डोके, काटा आणि कातडी काढून निव्वळ मांसाची तुकडी घेतली, तर बऱ्याच जातींत निम्म्याहून जास्त वजन मागे उरते. पाच किलो मासे धरले तर तीन किलोच्या आसपास कचरा सांभाळायची तयारी हवी.

सोबत एवढे असू द्या:

- जाड प्लास्टिकच्या पिशव्या, दर दोन-तीन किलो कचऱ्याला दोन. एकात एक घालायच्या. पराचा काटा पातळ पिशवी सहज फाडतो.
- घट्ट झाकणाची बादली. पिशव्या त्यात ठेवायच्या.
- मासे आणि कचरा यांच्यासाठी वेगळा बर्फ. मासे ठेवलेल्या पेटीत कचरा ठेवायचा नाही.
- धुण्यासाठी घरून भरून आणलेले पाच ते दहा लिटर पाणी. नळ नसला किंवा वापरायला बंदी असली, तर यावर काम भागते.
- मोजपट्टी, लवचीक पण धारदार सुरी, खवले काढायची खरवडणी, जुना चमचा, कापायला जाड फळी, जुने कापड, हातमोजे.

बर्फाचे प्रमाण माशाइतके धरा, किलोला किलो. उन्हाळ्यात दुप्पट. हे प्रमाण इथे सांगायचे कारण असे की बर्फ कमी पडला की माणसाला घाई होते आणि मग तो मिळेल त्या जागी सुरी चालवतो. भरपूर बर्फात ठेवलेला अखंड मासा काही तास आरामात टिकतो. योग्य जागेपर्यंत पोहोचायचा वेळ तुम्हाला बर्फच मिळवून देतो.

## टप्पा ३: पाण्यावर असताना काय करायचे आणि काय नाही

१. आधी मोजा, मग मारा. मोजायची पद्धत नियमपुस्तिकेत पाहून ठेवा. काही जातींना तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काहींना शेपटीच्या खाचेपर्यंत. मेलेला आणि बर्फात ठेवलेला मासा किंचित आखडतो, त्यामुळे मर्यादेला काठावर बसणारा मासा संध्याकाळी तपासणीत कमी भरू शकतो. शंका असेल तर सोडून द्या.

२. लगेच मारा आणि रक्त काढा. डोक्यावर, डोळ्यांच्या थोडे मागे, जड दांडक्याचा एक फटका. मग कल्ल्याखालची शीर कापून मासा बादलीतल्या पाण्यात उलटा धरा. डोके, शेपटी, कातडी जागेवर राहतात, म्हणून ‘अखंड’च्या नियमात हे सहसा बसते. तरीही टप्पा १ मधली पहिली ओळ बघून घ्या.

३. सगळीकडून बर्फ लावा. मासा ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेला पाहिजे. ट्यूना, बांगडा, सुरमई यांच्या कुळातल्या माशांना हे जास्तच लागू आहे. ऊब मिळाली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही.

४. इथे थांबा. डोके काढणे, तुकडी काढणे, कातडी सोलणे यातले काहीही पाण्यावर किंवा काठावर करायचे नाही, नियमाने स्पष्ट मुभा दिलेली असेल तरच.

सुरुवातीचे तीन प्रश्न इथेच सगळ्यात जास्त एकमेकांत मिसळतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा नियम पाहा. लांबीची मर्यादा असलेला मासा पाण्यावर किंवा पाण्यालगत बाळगताना त्याचे कल्ले, आतडी आणि खवले काढलेले चालतात, त्यापुढची काटछाट चालत नाही. पण बोटी उतरवायच्या उताराजवळच्या मेजासारख्या, मासे साफ करायच्या नेहमीच्या जागेला हे बंधन लागू होत नाही. म्हणजे तोच मासा, तीच सुरी, आणि काही पावलांच्या अंतरावर उत्तर बदलते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात खडकाळ प्रवाळी भागातले बरेच मासे डोके-शेपटीसह किनाऱ्यावर आणावे लागतात, पोट साफ केलेले चालते. अलास्कात हॅलिबट हा प्रचंड चपटा मासा बोटीवर कापायला मुभा आहे, पण किती तुकडे ते ठरलेले आहे: पाठीकडचे दोन, पोटाकडचे दोन, गालांचे दोन, आणि प्रत्येक तुकड्यावर कातडीचा भाग तसाच ठेवायचा. तपासणाऱ्याला तुकडे मोजून मासे मोजता आले पाहिजेत, हा त्यामागचा हिशेब.

> सावधान: ‘तो मासा आम्ही लगेच खाणार आहोत’ किंवा ‘आमिषासाठी कापला’ हे सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी असे अपवाद लिहिलेले असतात, काही ठिकाणी नसतात. लिहिलेले नसेल तर अपवाद नाही.

## टप्पा ४: जागा ठरवा

पसंतीचा क्रम असा ठेवा.

पहिली पसंती: मासे साफ करण्यासाठी बांधलेले केंद्र किंवा मेज. उताराचा पृष्ठभाग, डोक्यावर किंवा बाजूला नळी, खाली निचरा, शेजारी डबा किंवा कचरा दळायचे यंत्र. मेज दिसले म्हणून काम सुरू करू नका. आधी त्यावरची पाटी वाचा. काही मेजे फक्त तिथेच पकडलेल्या माशांसाठी असतात. काहींच्या निचऱ्याची नळी थेट पाण्यात जाते आणि तिथे फक्त धुण्याचे पाणी सोडायचे असते, आतडी डब्यात टाकायची असतात.

दुसरी पसंती: घर. जवळपास प्रत्येक नियमात बसणारी हीच एक जागा आहे, आणि खेदाची गोष्ट म्हणजे लोक तिलाच शेवटी ठेवतात. प्रवास दोन-तीन तासांचा असेल आणि बर्फ पुरेसा असेल, तर दुसरा विचारच नको.

तिसरी पसंती: नियमाने मुभा दिलेली मोकळी जागा. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून किमान ६० मीटर लांब. फळी जमिनीवर पसरलेल्या प्लास्टिकवर ठेवायची आणि सगळा कचरा सोबत उचलून न्यायचा.

या जागा मात्र कधीच नाहीत:

- पिण्याच्या पाण्याचा नळ. खवले तोंडाशी अडकतात आणि माशाचा चिकट स्राव पुढच्या माणसाच्या बाटलीत जातो.
- स्वच्छतागृहातले हात धुण्याचे भांडे आणि अंघोळीची जागा. निचरा तुंबतो.
- सहलीचे मेज. लाकडाच्या फटीत वास बसतो आणि रात्री प्राणी येतात.
- बोटी उतरवायचा उतार. चिकट स्रावाने तो निसरडा होतो, आणि तिथेच माणसे गुडघाभर पाण्यात उभी असतात.
- पोहण्याची जागा. कचऱ्याच्या वासाने मोठे शिकारी मासे जवळ येतात.

मगरींच्या प्रदेशात जागेचा प्रश्न जिवाचा होतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये पाण्याच्या कडेपासून किमान ५ मीटर लांब राहायला सांगतात, आणि माशाचे अवशेष पाण्याजवळ, तंबू ठोकायच्या जागेजवळ किंवा बोटीच्या उताराजवळ टाकू नका असे बजावतात. एखाद्या ठिकाणी रोज त्याच वेळी आतडी पडत असतील तर मगर ती वेळ शिकते. ज्याने टाकले तो घरी जातो. धोका दुसऱ्या दिवशी तिथे येणाऱ्याला असतो.

> तपासा: सुरी काढण्याआधी तिथे उभे राहून चारही बाजूंना बघा. पाटी दिसते का? डबा आहे का, भरलेला आहे का? पाणी कुठे वाहून जाते? डबा ओसंडत असेल तर ‘सोय आहे’ असे समजायचे नाही. तुमचा कचरा तुमच्या पिशवीत.

## टप्पा ५: मेजावरच्या कामाचा क्रम

मांस कसे काढायचे हे इथे सांगत नाही. ओळ अशी लावायची की कचरा एकाच जागी, एकाच आकारात जमा होईल.

१. पिशवी आधी उघडा. बादलीत पिशवीत पिशवी घालून काठावर दुमडा आणि मेजाच्या कडेला, सुरीच्या हाताखाली ठेवा. कापायला सुरुवात केल्यावर चिकट हातांनी पिशवी उघडत नाही आणि पहिला कचरा मेजावरून खाली घसरतो.

२. फळी आणि मासा ओला करा. कोरड्या माशाचे खवले दोन-दोन हात उडतात. शेपटीकडून डोक्याकडे खरवडा, पाण्याची बारीक धार चालू ठेवून. मोठा मासा असेल तर उघड्या पिशवीच्या तोंडात धरूनच खरवडा.

३. पोट उघडा. पोटाखाली, शेपटीकडच्या परापुढे बारीक छिद्र असते. सुरीचे टोक तिथून जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत, धार वरच्या दिशेला, आणि कातडी उचलत उचलत गळ्यापर्यंत. खोल गेलात की आतडे फुटते. पित्ताची पिशवी गडद हिरवी, यकृताला चिकटलेली असते. ती फुटली तर तेवढा भाग लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर मांस कडू होते.

४. कल्ले आणि आतडी एकत्र ओढा. हनुवटीखालचा जोड कापा, कल्ल्यांच्या दोन्ही कमानी जबड्यापासून आणि कवटीपासून सोडवा, आणि कल्ले धरून शेपटीच्या दिशेने सावकाश ओढा. नीट जमले तर कल्ल्यांपासून आतड्याच्या टोकापर्यंत सगळे एका लडीत हातात येते. ती लड तशीच पिशवीत. तुकडे करत बसलात की निम्मे फळीवर, निम्मे निचऱ्यात जाते.

५. पाठीच्या कण्यालगतची काळी रेघ खरवडा. तो माशाचा मूत्रपिंड आहे. वरचे पातळ आवरण सुरीने चिरून चमच्याने पुढे-मागे घासा. मग थोडक्या पाण्याने धुवा.

६. गळ आणि दोरा शोधा. पोटात गेलेला गळ, तुटलेला नायलॉनचा दोरा, शिसे कचऱ्यात जाऊ देऊ नका. ते वेगळे काढून वेगळ्या डबीत ठेवा. तो कचरा नंतर एखाद्या पक्ष्याने खाल्ला तर त्याचा जीव याच दोऱ्याने जातो.

दळायचे यंत्र असेल तर पाणी आधी सुरू करा, यंत्र नंतर. एका वेळी थोडे टाका. काम संपल्यावर यंत्र बंद करण्याआधी पाणी आणखी अर्धा मिनिट वाहू द्या, म्हणजे दळलेले नळीत बसत नाही. शिंपले, खेकड्याची कवचे, पिशव्या, दोरा त्यात टाकायचा नाही. कातडीच्या लांब पट्ट्या पात्यांना गुंडाळल्या जातात, त्या कापून टाका किंवा डब्यात टाका. यंत्र अडले तर आत हात घालू नका. वीज तोडा, पाटीवरच्या क्रमांकावर कळवा, आणि राहिलेला कचरा पिशवीत घ्या.

## टप्पा ६: कचऱ्याचे काय करायचे

‘आले पाण्यातून, गेले पाण्यात’ हा तर्क सगळ्यांना पटतो, आणि तिथेच गाडी घसरते. खुल्या समुद्रात दोन आतडी विरून जातात. धक्क्याच्या कोपऱ्यात, जिथे पाणी हलत नाही, तिथे वीस जणांची आतडी तळाशी साचतात. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि त्याच कोपऱ्यातले लहान जीव गुदमरतात. थंड, खोल तळ्यात कुजणेच मंद होते, त्यामुळे सांगाडे कित्येक दिवस तसेच दिसतात.

कचरा कुठे टाकायचा याचे उत्तर नसेल तेव्हा: सोबत न्या. दोन पिशव्यांत बांधा, बादलीत घाला, झाकण लावा, बर्फ ठेवा. हा पर्याय कुठेही चुकत नाही.

पाण्यात टाकायला स्पष्ट परवानगी असेल तेव्हा: त्याच पाण्यात टाका, जिथून मासा आला. खोल पाणी हवे, नदी असेल तर वेगवान धार. तुकडे लहान करा. पाठीच्या कण्याखाली पांढरट, हवेने भरलेली पिशवी असते. तिला सुरीने भोक पाडा, नाहीतर सांगाडा तरंगून काठाला येतो. अलास्कातल्या रशियन नदीवर अस्वलांमुळे हीच पद्धत शिकवतात: सांगाड्याचे बारीक तुकडे करा आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यात लांब फेका. काठाशी अख्खे सांगाडे साचले की अस्वल तिथेच मुक्काम ठोकते.

पुरणे. बऱ्याच संरक्षित जागी बंदी असते. बंदी नसली तरी उथळ खड्डा उपयोगाचा नाही, कारण जनावरे त्याच रात्री उकरतात.

> सावधान: एका पाण्यातले डोके, काटा किंवा आतडी दुसऱ्या पाण्यात कधीही टाकू नका, आमिष म्हणूनसुद्धा नाही.

या सावधानतेमागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. ट्राउट आणि सॅमनच्या पिल्लांना गरगर फिरायला लावणारा एक रोग आहे. त्याचा परजीवी, मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस, माशाच्या कूर्चेत आणि हाडांत राहतो. मासा मेला, कुजला, की त्याचे बीजाणू चिखलात उतरतात. ते पक्ष्याच्या पोटातून जाऊनही जिवंत राहू शकतात. पुढे चिखलातला एक बारीक किडा ते खातो आणि त्या किड्यातून रोग नव्या पिल्लांपर्यंत जातो. माणसाला त्याचा त्रास नाही, म्हणून डोके फेकणाऱ्याला काही कळत नाही. कॅनडात हा रोग पहिल्यांदा २०१६ मध्ये बॅन्फ उद्यानातल्या जॉन्सन तळ्यात आढळला. रक्तस्राव घडवणारा व्हीएचएस हा विषाणू २००५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत ओळखला गेला आणि त्यानंतर तिथे मासे मोठ्या संख्येने मेले. मासे, आमिष आणि पाणी इकडून तिकडे नेण्यावरचे निर्बंध तिथे त्यामुळेच कडक झाले. मासा पकडला त्याच ठिकाणी साफ करावा की घरी, असा प्रश्न असेल, तर अशा भागांत खात्याचा सल्ला आधी वाचा. घरी साफ केले तर कचरा गावाच्या घनकचऱ्यातच गेला पाहिजे, ओढ्यात नाही.

प्राण्यांना घालायचे नाही. पेलिकनला सांगाडा टाकणे हे प्रेमाने केले जाते, आणि तोच त्याच्या जिवावर उठतो. पेलिकन लहान मासे अख्खे गिळतो. मांस काढलेल्या मोठ्या माशाच्या काट्यांची उघडी टोके त्याच्या घशाची पिशवी फाडतात. फ्लोरिडात ॲलिगेटरला, म्हणजे तिथल्या मगरीसारख्या प्राण्याला, खाऊ घालणे बेकायदा आहे आणि मासे साफ करून उरलेले पाण्यात न टाकता डब्यात टाका अशी सूचना आहे. अमेरिकेच्या समुद्रात रानटी डॉल्फिनला खाऊ घालायलाही कायद्याने बंदी आहे. कुत्रा सोबत असेल तर त्याला लांब बांधा. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कच्च्या सॅमनमधून होणारा एक आजार उपचार न मिळाल्यास कुत्र्याचा जीव घेतो.

## टप्पा ७: जागा मागे कशी सोडायची

पाणी मारण्याआधी खवले आणि तुकडे ओल्या कापडाने एका दिशेने गोळा करून पिशवीत भरा. नुसते पाणी मारले तर घाण फक्त पुढे सरकते. मेज धुताना साबण वापरायचा नाही, निचरा कुठे जातो ते बहुतेक वेळा ठाऊक नसते. फळी आणि सुरी घरी गेल्यावर गरम पाणी आणि साबणाने धुवा. बादली, बूट, बोटीच्या तळातले साचलेले पाणी तिथल्या तिथे रिकामे करून कोरडे करा. पुढच्या तळ्यावर हेच बूट जाणार असतील तर चिखल राहता कामा नये.

> तपासा: मेजापासून पाच पावले मागे या आणि जमीन बघा. खवले उन्हात चमकतात, म्हणून उभे राहून न दिसलेले लांबून दिसतात.

## टप्पा ८: वाटेत आणि घरी

मेज सोडले म्हणजे नियम संपत नाहीत. केंद्रावर तुकडी काढायची परवानगी असली तरी वाहतुकीत जात ओळखता यावी अशी अट असू शकते. मिनेसोटात तुकडीवर किमान एक चौरस इंच कातडी, खवल्यांसह, राखावी लागते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर माशांची जात, संख्या आणि आकार सहज कळेल असे बांधावे लागते. म्हणून:

- एका माशाच्या तुकड्या एका पिशवीत. गठ्ठा करून गोठवू नका, सुटे करायला गेलात तर मोडतात आणि मोजता येत नाहीत.
- पिशवीवर जात, तारीख, पाण्याचे नाव आणि पकडणाऱ्याचे नाव. दोघांचे मासे एकत्र केले की एकाच्या नावावर मर्यादेपेक्षा जास्त दिसतात.
- राज्याची किंवा देशाची हद्द ओलांडायची असेल तर दोन्हीकडचे नियम पाळा, जो कडक असेल तो धरा.

घरी साफ करताना ओट्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच थर पसरा. प्रत्येक माशानंतर वरचा थर कचऱ्यासकट गुंडाळून काढा, खालचा कोरडा थर आपोआप वर येतो. खवले ओट्याच्या भांड्यात सोडू नका. ते नळीच्या वळणात एकमेकांवर बसतात आणि आठवड्याने पाणी तुंबते. आतडी शौचालयात ओतू नका.

गुंडाळलेला कचरा पिशवीत बांधून कचरागाडी येण्याच्या दिवसापर्यंत बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि त्या सकाळीच बाहेर काढा. वास येत नाही, मांजरे फाडत नाहीत. बागेत पुरायची मुभा असेल तर किमान ४५ सेंटीमीटर खोल, विहीर आणि ओढ्यापासून दूर, वर दगड. रोगाची सूचना लागलेल्या पाण्यातला मासा असेल तर बागेतही पुरायचा नाही, घनकचऱ्यात द्यायचा.